मापातले दगड

काटा अजून मीच टांगतो, पहाटे,
धुरकट टेकडीखाली, जिथे कॉफीची लाल फळं
गाढवांवरून गोणीगोणीने उतरतात.
आधी रिकामा टांगायचा. थांबायचं.
सुई शून्यावर आली की मगच पहिलं नाव.
हे दांगिसोने शिकवलं.

दांगिसो म्हणजे आमच्या सिदामातल्या त्या खोऱ्यात
शपथेसारखं घ्यायचं नाव.
दांगिसोने तोललंय म्हटलं की भांडण मिटायचं.
तोलताना दोन्ही हात पाठीमागे,
अंगठा लागला असं कुणी म्हणू नये म्हणून.

त्या साली झाडांनी हात आखडता घेतला होता.
बेलायनेश सगळ्यांत शेवटी आली,
पाठीवर एक टोपली, पोटात सातवा महिना,
नवरा दक्षिणेला गेलेला, कामाला म्हणून,
तो गेलेलाच.
दांगिसोने टोपली टांगली,
फळांत कोपरापर्यंत हात घातला, रोजच्यासारखा,
आणि हात तिथेच राहिला.

मी वहीवर वाकलो होतो. तरी दिसलं,
त्याचं मनगट आतल्या आत मोजतंय.
एक. दोन. सात.
ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.
"एकोणीस किलो," तो म्हणाला.
मी एकोणीस लिहिलं.
फळं फार तर पंधराची असतील.

रात्री ढिगातून त्याने ते वेचून काढले
आणि सदऱ्याच्या ओच्यात घरी नेले.

तिसऱ्या दिवशी झाडाखाली वडीलधारी बसली होती,
कुणाच्या तरी वाटणीचं बोलणं चाललं होतं.
हा मध्येच उभा राहिला.
"माझ्या तोलात खोट आली."
"टोपली कुणाची?"
"तोल माझा."
"अरे, टोपली विचारतोय."
"तेवढं माझ्याकडे राहू द्या."

हलाले म्हणतो आम्ही. खरं, जसं आहे तसं,
वरची साय काढून न घेतलेलं.
म्हातारा बारिसो ओरडला, अर्धं सांगणं म्हणजे
अर्ध्या मापात पाप!
दुसरा म्हणाला, आपणहून आला, हे कुठे तोलायचं?
आणि ते चार किलो कुठल्या सावकाराचे नव्हते,
सोसायटीचे होते,
म्हणजे तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या ताटातले.
ऊन उतरलं तरी मिटेना.
शेवटी एक मेंढा दंड,
आणि काटा काढून घेतला.

वही माझ्या काखेत होती. वहीत नाव होतं.
मी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.
चांगुलपणा होता तो,
की मला काटा हवा होता?
संध्याकाळी काटा माझ्या घरी आला.

तीस वर्षं झाली.
आता लामिसोने तोललंय असं म्हणतात.
माझ्याही हाताला लागले दगड, एकदा.
मी ते सगळ्यांसमोर टेबलावर मांडले,
मोठ्याने मोजले, वजा केले.
बरोबरच केलं.
तो माणूस पुन्हा या काट्यावर आला नाही,
पलीकडच्या घाटावर देतो म्हणतात, कमी भावाने.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही,
पण म्हणून काही मी चुकलो असं होत नाही.

बेलायनेशचा पोरगा आता ट्रक चालवतो,
स्वतःच्या गोण्या स्वतः उतरवतो.
त्याच्या गोणीत मी हात घालतो
तो इतरांपेक्षा वीतभर खोल.
काही नसतं. कधीच नसतं.
तो माझ्याकडे बघून हसतो
आणि मी नाव लिहायला खाली वाकतो.

दांगिसोला आता दिसत नाही फारसं.
ते सात दगड त्याच्याच घरात आहेत,
चार दाराशी, तीन चुलीत,
त्यांच्यावर कॉफीचं काळं भांडं.
मागच्या आठवड्यात धीर करून विचारलं,
चूक कोणती होती, लिहायला लावलीस ती
की सांगितलीस ती?

त्याने चाचपडत लाकूड आत सारलं.
"भांडं हलतंय का बघ," म्हणाला.
मी वाकून पाहिलं.
हलत नव्हतं.